दुसऱ्याला जेवताना बघत बघत आपण किती जेवतो? (अनुभव हवेत)

मृण्मयी_चिंचवड | मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितेच. माझा नवरा बोटीवर असतो, एकदा गेला की सहा-सात महिने, आणि माझं काम घरून. दिवसभर मीटिंगमध्ये माणसांचे आवाज असतात पण आठ वाजता लॅपटॉप मिटला की घरात फक्त फ्रीजचा आवाज. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एकदा ताट घेऊन बसले आणि समोर काहीतरी चालू हवं म्हणून यूट्यूबवर एक व्हिडिओ लावला, एक कोरियन मुलगी भलं मोठं पातेलं भरून नूडल्स खात होती. भाषा काही कळत नव्हती पण ती इतकं मनापासून खात होती की मला वाटलं समोर कोणीतरी जेवायला बसलंय. तेव्हापासून सवय लागली ती लागलीच. आता कोरियनच असं नाही, भाताचा डोंगर करून वर मटणाचा रस्सा ओतून खाणारे, आपल्याकडचे थाळी चॅलेंजवाले, सगळं बघते.

मध्यंतरी हेल्थ चेकअपला कळलं की चार वर्षांत नऊ किलो वजन वाढलंय. घरचं जेवण तेच, भाजी, भाकरी, आमटी, बाहेरचं फार नाही. मग मी एक वही केली आणि २१ रात्री लिहून काढल्या. ११ रात्री व्हिडिओ लावून जेवले, १० रात्री न लावता. न लावता दोन भाकऱ्या आणि थोडा भात, पोट भरतं. व्हिडिओ असला की तीन, दोनदा तर साडेतीन, आणि माझं जेवण संपतं तरी तिचं संपलेलं नसतं म्हणून चिवड्याचा डबा मांडीवर येतो. अजून एक दिसलं, ती घास घेते तेव्हा माझाही हात तोंडाकडे जातो. मुद्दाम नाही, आपोआप.

सरळ बंद करून बघितलं तर जेवणच नको वाटतं, दोन रात्री दूध-पोहे खाऊन झोपले. तुम्हाला कोणाला असं होतं का? आणि बंद केलं तर त्या जागी काय ठेवलंत, हे मला जास्त हवंय.

तर्रीवाला | मंगळवार, रात्री ११:५८

ताई, जास्त जेवणं होतं की नाही माहीत नाही पण काय खायचं ते माझं पूर्ण व्हिडिओंवर ठरतं. रात्री साडेदहाला कोणी मिसळीवर तर्री ओतताना दिसला की सकाळी मी गाडी काढलेली असते. आणि रात्री अकराला बिर्याणीच्या हंडीचं झाकण उघडताना बघितलं तर ऑर्डर जातेच, व्यवस्थित जेवून पण जाते.

पण एक सांगतो, सगळं वाईट नाही. मी साताऱ्याचा, मला खानदेशातलं शेवभाजी सोडून काही माहीत नव्हतं. व्हिडिओ बघून बघून कळण्याची भाकरी शिकलो, ज्वारी आणि उडीद एकत्र दळून आणले, ठेचा केला, आता महिन्यातून दोनदा होते. खापरावर मांडे करताना एका आजींना बघितलं, हातावर पोळी फिरवत फिरवत एवढी मोठी करतात की डोळे फिरतात, ते काही मला जमलं नाही अजून. म्हणजे बघण्यानं माझं ताट बदललं, आणि चांगलं बदललं.

आहारतज्ज्ञ_नाशिक | बुधवार, सकाळी ७:१५

मृण्मयी, वही केलीस हे फार छान केलंस. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हेच सांगते आणि दहातले आठ जण करत नाहीत.

आता शरीरात काय होतं ते सांगते. अन्न नुसतं दिसलं, वास आला, फोडणीचा चर्र आवाज आला की शरीर जेवायच्या तयारीला लागतं. तोंडाला पाणी सुटतं, पोटात आम्ल पाझरायला लागतं, थोडं इन्सुलिनही सुटतं. जेवणाची घंटा ऐकूनच लाळ गाळणारी पाव्हलॉव्हची कुत्री शाळेत शिकलो आपण, त्याला १९०४ चं नोबेल मिळालं ते याच पचनाच्या अभ्यासासाठी. पुढे २०१२ मध्ये म्युनिकच्या मॅक्स प्लँक संस्थेत तरुण पुरुषांना नुसते खाण्याचे फोटो दाखवले तर रक्तातलं घ्रेलिन वाढलेलं दिसलं. घ्रेलिन म्हणजे भूक लागल्याचा निरोप देणारं हार्मोन. तेव्हा तर्रीवाला दादांना जेवल्यावरही बिर्याणी हवीशी वाटते यात त्यांच्या मनाचा कमकुवतपणा वगैरे काही नाही.

ती घास घेते तेव्हा हात जातो, यावरही काम झालंय. नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठात तरुण मुलींच्या ७० जोड्या समोरासमोर जेवायला बसवल्या आणि एकेक घास मोजला. एकीनं घास घेतला की पुढच्या पाच सेकंदांत दुसरीनं घेण्याची शक्यता जास्त, आणि जेवणाच्या सुरुवातीला हे अजूनच जास्त. त्या प्रत्यक्ष समोर होत्या, स्क्रीनवर नव्हे, हे लक्षात ठेवूया. पण तुझा अनुभव त्याच्या फार जवळचा आहे.

यात खरी अडचण वेगाची आहे. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि व्हिडिओतली मुलगी तर भराभर खाते, वर तो कापून अजून भरभर केलेला असतो. तू तिच्या वेगानं गेलीस तर तिसरी भाकरी निरोप यायच्या आत संपते.

सुवॉनकर | बुधवार, दुपारी १:०५

मी सहा वर्षं कोरियात आहे, सोलजवळ सुवॉनला, म्हणून इथली बाजू सांगतो. या खाण्याच्या व्हिडिओंना आपण मुकबांग म्हणतो, इथं मॉक्पांग असं ऐकू येतं, खाणं आणि प्रसारण या दोन शब्दांचा जोड आहे. २००९-१० च्या सुमारास आफ्रिका टीव्ही नावाच्या लाइव्ह साइटवर सुरू झालं. बघणारे स्टार बलून नावाची ऑनलाइन भेट पाठवायचे, त्याचे पैसे व्हायचे, आणि खाणारा मध्येच थांबून नाव घेऊन आभार मानायचा, कोणी म्हणालं आता तो मुळा खा की तो मुळा खायचा. म्हणजे गप्पा चालायच्या.

आणि हे इथंच का वाढलं ते इथं एकटं राहिल्यावर कळतं. इथं जेवण म्हणजे चार माणसं, मध्ये एक पातेलं, सगळ्यांचे चमचे त्यात. ओळखीचं कोणी भेटलं की "जेवलास का" विचारतात, अगदी आपल्यासारखं. आणि दुसरीकडे आता तिनातलं एकाहून जास्त घर एकट्या माणसाचं आहे. मी नवीन आलो तेव्हा मांस भाजून देणाऱ्या हॉटेलात गेलो तर कमीत कमी दोघांची ऑर्डर घ्यावी लागेल म्हणाले. बऱ्याच ठिकाणी हा नियम असतो. मी दोघांचं घेतलं आणि एकट्यानं खाल्लं, मृण्मयी ताई, ते जेवण अजून आठवतं. एकट्यानं जेवण्याला इथं वेगळा शब्दच आहे, होनबाप. तर ती कोरियन मुलगी मुळात तुमच्यासारख्यांसाठीच कॅमेऱ्यासमोर बसली होती, एकट्या जेवणाऱ्यांसोबत.

पुढं ते बदलत गेलं. लाइव्ह कमी झालं, कापलेले व्हिडिओ वाढले, कंपन्यांचे पैसे आले, ऑगस्ट २०२० मध्ये तर जाहिरातीचे पैसे घेऊन न सांगितल्याबद्दल किती तरी मोठ्या चॅनेलवाल्यांनी माफी मागितली. सरकारनं २०१८ मध्ये लठ्ठपणाच्या आराखड्यात मुकबांगसाठी मार्गदर्शक नियम करायचं म्हटलं तर लोक चिडले, काय बघायचं ते सरकार सांगणार का म्हणून. चीननं मात्र २९ एप्रिल २०२१ ला अन्ननासाडीविरोधी कायदाच केला, अचाट खाण्याचे व्हिडिओ दाखवले तर एक लाख युआनपर्यंत दंड.

तर्रीवाला | बुधवार, दुपारी १:३०

सुवॉनकर, दोघांचं जेवण एकट्यानं, वाचून गलबललं राव. सुट्टीला आलात की सातारला या, दोघं मिळून एका ताटात जेवू.

नेहा_आणि_पिल्लू | बुधवार, दुपारी ३:२०

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण इथंच विचारते. मुलगा साडेतीन वर्षांचा, मोबाईलशिवाय घास घेत नाही. आणि त्याला लागतात तेही दुसरी मुलं खाताना दिसतात ते व्हिडिओ. त्यातल्या मुलानं आ केला की हा आ करतो, मी वरणभात कोंबते, वाटी संपते, सासूबाई म्हणतात जेवला ना मग झालं. पण परवा मी त्याला विचारलं सोन्या काय खाल्लंस, तर म्हणाला नूडल्स. त्यानं वरणभात खाल्ला होता, नूडल्स व्हिडिओतल्या मुलानं खाल्ल्या होत्या. मला इतकं कसंतरी झालं की रात्री झोप नाही लागली.

आहारतज्ज्ञ_नाशिक | बुधवार, संध्याकाळी ५:४५

नेहा, तुझी झोप उडाली ते बरोबरच आहे पण अपराधी वाटून घेऊ नकोस, निम्म्या घरांत हेच चाललंय.

त्यानं जे उत्तर दिलं ना त्यात पुष्कळ आहे. आपण काय आणि किती खाल्लं याची आठवण हीसुद्धा पुढच्या भुकेला लगाम घालते. बर्मिंगहॅम विद्यापीठात २००९ मध्ये तरुण मुलींना दुपारचं जेवण टीव्ही बघत दिलं आणि दुसऱ्या वेळी न बघता दिलं, तर टीव्हीच्या दिवशी नंतर त्यांनी बिस्किटं जास्त खाल्ली आणि जेवणाची आठवणही पुसट निघाली. मोठ्यांचं हे, तर साडेतीन वर्षांच्या बाळाचं काय.

मुलांवर तर सरळसरळ परिणाम होतो. येल विद्यापीठाच्या २००९ च्या प्रयोगात कार्टूनच्या मध्ये खाऊच्या जाहिराती दाखवलेल्या मुलांनी समोरची खारी बिस्किटं ४५ टक्के जास्त खाल्ली. लिव्हरपूलला २०१९ मध्ये ९ ते ११ वर्षांच्या १७६ मुलांना सोशल मीडियावरच्या प्रसिद्ध चेहऱ्यांचे फोटो दाखवले, काहींत हातात चॉकलेट-केकसारखं गोडधोड, काहींत फळंबिळं, काहींत खाण्याचं काहीच नाही. गोडधोडवाले फोटो बघितलेल्या मुलांनी तसला खाऊ काहीच न दिसलेल्या गटापेक्षा ३२ टक्के जास्त कॅलरींचा खाल्ला. फळवाले फोटो बघून मात्र फळं काही जास्त गेली नाहीत. म्हणून "मग त्याला भाज्या खाणाऱ्या मुलांचे व्हिडिओ लावते" असं कोणी म्हणालं की मी फार आशा ठेवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, कमी तितकं चांगलं. तो तास जेवणात घालवू नकोस एवढंच माझं म्हणणं.

कोल्हापूरची_सून | बुधवार, रात्री ९:१०

नेहा माझ्या धाकटीचं असंच होतं. मी एका शनिवारी सुरुवात केली, खाली जुनं चादर अंथरलं, तिला ताट वेगळं, माझं ताट वेगळं, मी भरवलंच नाही, मी माझी जेवत बसले. पहिले चार दिवस रडारड, अर्धी चपाती पण गेली नाही, आमच्या आत्याबाई म्हणाल्या पोर वाळवतीस काय. पाचव्या दिवशी माझ्या ताटातली गवार उचलून बघितली तिनं. मी जेवताना तिनं मला बघितलं म्हणून उचलली, हे मला तेव्हा कळलं नाही, आता हा धागा वाचून कळतंय. दोन आठवडे लागले. काऊचा घास चिऊचा घास करायला हरकत नाही, काऊ निदान खिडकीत असतो.

आबा_वाई | बुधवार, रात्री १०:०२

पोरांनो, मी ७४ वर्षांचा, मला हे व्हिडिओ नातवानं दाखवले. बघून मला आमच्या लग्नातल्या पंगती आठवल्या. जिलबीच्या पैजा लागायच्या. जेवणारा एक आणि बघणारी पन्नास माणसं, वाढपी ताट खाली होऊ द्यायचा नाही, आणि तो खातोय हे बघून बाजूच्या पानावरचा रोज अर्धी जिलबी खाणारा माणूस सहा खाऊन उठायचा. तेव्हा बघून जास्त खाणं काही नवं नाही. पण ते वर्षातून चार लग्नांत व्हायचं. मृण्मयी बाळा, तुझ्या घरी रोज रात्री लग्न लागतंय.

दुसरं, पंगतीला एक नियम असायचा. शेवटचा माणूस जेवेपर्यंत कोणी उठायचं नाही. त्यामुळे भराभर खाणाऱ्याला बसून राहावं लागायचं आणि सावकाश खाणाऱ्याला लाज वाटायची नाही. आणि माझी आजी सांगायची, जेवणाऱ्याच्या ताटाकडे टक लावून बघू नये, दृष्ट लागते. लहानपणी वाटायचं दृष्ट जेवणाऱ्याला लागते. आता तुमचं वाचून वाटतंय बघणाऱ्यालाच लागत असेल.

पानशेत | गुरुवार, सकाळी ८:३०

आबा, शेवटचं वाक्य लिहून ठेवलं.

मी थोडी उलटी बाजू मांडतो. २०१० मध्ये सायन्स या नियतकालिकात एक प्रयोग आला होता, लोकांना एकेक करून ३० चॉकलेटच्या गोळ्या खाल्ल्याची कल्पना करायला सांगितली, काहींना फक्त तीन. नंतर खरी वाटी समोर ठेवली तर ३० ची कल्पना केलेल्यांनी कमी खाल्ल्या. म्हणजे मनात खाऊनसुद्धा कंटाळा येतो. मी स्वतः श्रावणात मासे बंद असतात तेव्हा माशांचे व्हिडिओ बघतो आणि मला बरं वाटतं, खायची ओढ कमी होते. मग बघून भूक वाढते हे सगळ्यांना लागू कसं?

आहारतज्ज्ञ_नाशिक | गुरुवार, सकाळी ११:००

चांगला मुद्दा काढलात. पण त्या प्रयोगात गोळ्या नुसत्या वाटीत टाकल्याची कल्पना केलेल्यांचं खाणं कमी झालं नाही. चावतोय, गिळतोय असं एकेक करून मनात आणावं लागतं, आणि तेही त्याच पदार्थाबद्दल, गोळ्यांची कल्पना करून चीज कमी खाल्लं गेलं असं झालं नाही. व्हिडिओत आपण कल्पना करत नसतो, ती दुसरं कोणी तरी आपल्यासाठी करून देतं, आणि पाच मिनिटांत पाच पदार्थ बदलतात त्यामुळे कंटाळा यायला वेळच मिळत नाही. शिवाय तो मायक्रोफोनजवळचा कुरकुर आवाज. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्सनी दाखवलंय की चिप्स चावल्याचा आवाज नुसता मोठा करून ऐकवला तरी त्याच चिप्स जास्त कुरकुरीत आणि ताज्या वाटतात.

तुमचा श्रावणाचा अनुभव मी खोटा म्हणत नाही हां. माणसामाणसात फरक असतो आणि तुम्ही तेव्हा खाणारच नसता हे आधी ठरलेलं असतं, हाही फरक असेल.

सरिता_डोंबिवली | गुरुवार, रात्री १०:४५

मी सहसा नुसती वाचते, पण पानशेत यांचं वाचून लिहावंसं वाटलं. माझ्या वडिलांना तोंडाचा कॅन्सर झाला, तंबाखूचा. ऑपरेशन आणि रेडिएशननंतर चार महिने नाकातली नळी होती, सगळं पातळ करून नळीतून. त्या चार महिन्यांत बाबा दिवसाला तीन-तीन तास माशांचे व्हिडिओ बघायचे, बांगड्याचं तिखलं, सुरमईच्या तुकड्या, कोलंबीची आमटी. आईला बघवायचं नाही, ती स्वयंपाकघराचं दार लावून आमच्यापुरतं शिजवायची, वास जाऊ नये म्हणून. एक दिवस बाबांनी पाटीवर लिहिलं, दार उघड, वास येऊ दे. मग आई दार उघडं ठेवून तळायला लागली, ते खुर्ची ओढून तिथं बसायचे आणि आम्ही जेवायचो ते बघायचे. मला घास गिळवत नव्हता सुरुवातीला. मग सवय झाली आणि वाटायला लागलं आपण नीट जेवलो तर त्यांना बरं वाटतंय.

नळी निघाल्यावर पहिल्यांदा पेज आणि त्यात कुस्करलेला बांगडा दिला. रेडिएशननं चव गेली होती. म्हणाले, व्हिडिओत जास्त चव होती. तरी वाटी संपवली. आता दोन वर्षं झाली, बरेच बरे आहेत, पण अजून बघतात.

मृण्मयी_चिंचवड | गुरुवार, रात्री ११:२०

सरिता ताई, डोळ्यात पाणी आलं. काकांना माझा नमस्कार सांगा.

पानशेत | गुरुवार, रात्री ११:५०

सरिता यांच्यावरून आठवलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांना स्वेच्छेनं सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं ते कळावं म्हणून. त्यातले कित्येक जण पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागले, आधी कधी स्वयंपाकघरात न गेलेले लोक. दुसऱ्यांना खाताना बघण्यातही त्यांना समाधान वाटायचं अशा नोंदी आहेत. तेव्हा यूट्यूब असतं तर त्यांनी दिवसभर हेच बघितलं असतं. म्हणजे व्हिडिओनं भूक येते तसंच भुकेनंही माणूस व्हिडिओकडे जातो.

अनामिका | शुक्रवार, रात्री १२:४०

हे वाचून लिहायची हिंमत झाली. मी तेवीस वर्षांची आहे, पुण्यात होस्टेलला. दीड वर्ष मी जेवणाच्या वेळी जेवायची नाही आणि त्या जागी हे व्हिडिओ बघायची, वाटायचं माझ्या वाटणीचं कोणीतरी खातंय, मला गरज नाही. आणि मग एखाद्या रात्री मला थांबताच यायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी परत काहीच नाही. ती व्हिडिओतली मुलगी एवढं खाऊन एवढी बारीक कशी, हे दिवसभर डोक्यात. मैत्रिणींना वाटायचं मला खाण्याची आवड आहे कारण माझा फोन खाण्यानं भरलेला. आता थोडी बरी आहे पण धागा वाचताना पण दोन व्हिडिओ बघितले.

आहारतज्ज्ञ_नाशिक | शुक्रवार, सकाळी ६:५०

बाळा, लिहिलंस ते फार मोठं काम केलंस. पानशेत यांनी सांगितलं ना त्या माणसांचं, तुझं शरीर तेच करत होतं, उपाशी शरीर अन्न शोधत होतं. यात तुझा दोष नाही. पण हे एकटीनं सोडवायचं काम नाही, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांची मदत लागते आणि त्यानं माणसं बरी होतात, मी बघितलीत. आजच बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. व्हिडिओतल्या मुलीबद्दल एवढंच, कॅमेरा बंद झाल्यावर ती काय करते आणि मधलं काय कापलंय ते आपल्याला दिसत नाही. आणि मला थेट निरोप पाठवलास तरी चालेल.

आबा_वाई | शुक्रवार, सकाळी ७:३०

पोरी, आज दुपारी दोन घास जास्त नको, कमी नको, पण वेळेवर जेव. जेवलीस की इथं लिही. मी बघतो.

अनामिका | शुक्रवार, दुपारी २:१५

आबा, जेवले. मेसमध्येच, मैत्रिणीबरोबर. फ्लॉवर, दोन पोळ्या, वरणभात.

सुवॉनकर | शनिवार, सकाळी ९:४०

मृण्मयी ताईंचा मूळ प्रश्न राहिला, त्या जागी काय ठेवायचं. जपानात नागोयाला २०१७ मध्ये एक प्रयोग झाला, एकट्यानं जेवणाऱ्यांसमोर आरसा ठेवला तर त्यांना पॉपकॉर्न जास्त चवदार लागले आणि खाल्लेही जास्त गेले, म्हाताऱ्या माणसांनाही आणि तरुणांनाही. म्हणजे समोर जेवणारा चेहरा हवा, स्वतःचा असला तरी. मी आरसा नाही ठेवला पण आईला व्हिडिओ कॉल लावून जेवतो, इथले आठ म्हणजे तिकडचे साडेचार, ती चहा-खारी घेऊन बसते.

आहारतज्ज्ञ_नाशिक | शनिवार, सकाळी ११:२५

माणसांत जेवलं की जास्त जातं हे खरं आहे, अमेरिकेतल्या द कॅस्ट्रो यांनी लोकांच्या जेवणाच्या वह्या तपासल्या तर सोबतीनं जेवणं एकट्याच्या जेवणापेक्षा ४४ टक्के मोठी निघाली. तेव्हा मृण्मयी, कॉल लावलास तरी वही चालू ठेव. फरक एवढा की तुझ्या माणसाला तू दिसतेस. तू थांबलीस तर ते माणूस विचारेल का थांबलीस, तू चौथी घेतलीस तर तेही विचारेल.

मृण्मयी_चिंचवड | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १०:१०

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. सासूबाई अलिबागजवळ गावी एकट्या असतात. मी कधी विचारलंच नव्हतं त्या रात्री काय जेवतात. सुवॉनकर यांचं वाचून दुसऱ्या दिवशी आठला कॉल लावला तर त्या सकाळचा भात ताकात कालवून उभ्यानंच खात होत्या. मी म्हटलं आई बसा की, तर म्हणाल्या कोणासाठी बसू. त्या रात्री दोघी बसून जेवलो. आता रोज आठ वाजता. त्या सावकाश जेवतात, दात नाहीत नीट, त्यामुळे मीही सावकाश जेवते, आबांच्या पंगतीसारखं, त्यांचं होईपर्यंत उठत नाही. वहीत या २० रात्रींत बहुतेक दोन भाकऱ्या, कधी अडीच. त्यांनी मात्र आमटी, भाजी, कधी कालवण असं करायला सुरुवात केलीय, मला दाखवायचं म्हणून.

पाच रात्री रेंज गेली किंवा त्या कीर्तनाला होत्या. त्यातल्या तीन रात्री मी परत तिच्याकडे गेले, त्या कोरियन मुलीकडे, आणि चिवडाही निघाला. तेही लिहून ठेवलंय.

उद्या त्या कुळथाची पिठी करणार आहेत, मीही इकडे त्यांचं बघून करणार आहे, फोडणीपासून. कुळीथ भाजून दळलेलं पीठ चिंचवड-निगडीत कुठं चांगलं मिळतं, कोणाला माहीत असेल तर सांगा, उद्या संध्याकाळच्या आत हवंय.